मेणात जपलेली टाच

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी मला पाहिले असण्याचा संभव नाही, आणि पाहिले असते तरी ओळखले नसते. पिवळ्या प्लास्टिकच्या जाळीदार डबीवर बसवलेला, बर्फीच्या लहान वडीएवढा मी मेणाचा एक जुना ठोकळा आहे. माझ्या पोटात एका बाईच्या टाचेचा मसुराएवढा तुकडा ठेवलेला होता. नऊ वर्षांत मला इतक्या वेळा कापले गेले, की आता बोलण्याचाही शीण येतो. तरी एकदा सांगून टाकतो, म्हणजे पडून राहायला मोकळा होईन.

ती बाई चामटोलीची विठाबाई. बदलापूरच्या पलीकडे तिची भाताची चार खाचरे आहेत. पायात काटा मोडला, कुरूप झाले, टाच भेगाळली, की आसपासची माणसे तिच्याकडे येत. ती बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरी आणि त्याचे काळे तेल नेमक्या जागी टेकवी. चटका बसे, जागा काळी पडे, आणि ती कातडी सुकून निघाली की काळेपणही निघून जाई. तिचा हात हलका होता, हे मी नाकारणार नाही. परंतु औषध देणारा माणूस स्वतःच्या औषधावर फार लवकर विश्वास ठेवतो. तिच्या डाव्या टाचेवर एक काळा ठिपका दिसू लागला, तेव्हा तो आपल्याच बिब्ब्याचा डाग असल्याचे तिने ठरवले. डाग जाईना, म्हणून तिने त्यावर पुन्हा बिब्बा घातला. यातला तर्कदोष तिला दिसला नाही. कारण दर खेपेस जागा अधिक काळी होई आणि काळेपणाचे कारण हाताशी तयार असे. अशी दोन वर्षे गेली.

दोष दिसला तो तिच्या सुनेला. श्रद्धा अंबरनाथच्या एका कारखान्यात पॅकिंगचे काम करी. भाताची आवणी आटोपून सासू पडवीत पाय धूत बसली असता श्रद्धाने तो ठिपका पाहिला. त्याची कड नकाशासारखी वेडीवाकडी झाली होती. बिब्बा कधी घातला, असे तिने विचारले. शिमग्याला, असे उत्तर आले.

"शिमग्याचा बिब्बा गणपतीपर्यंत टिकतो का, आई?"

"आता तू मना बिब्बा शिकवनार?" विठाबाई म्हणाली, आणि तीन दिवस सुनेशी बोलली नाही. चौथ्या दिवशी मात्र ती आपण होऊन चप्पल घालून उभी राहिली. कुळगावच्या एका शल्यचिकित्सकाने ठिपका लहान आहे असे पाहून तो सबंध काढला आणि सोबतच्या कागदावर लिहिले, 'बिब्ब्याचा जुना डाग, खात्रीसाठी.' तो कागद आणि त्या तुकड्याची बाटली उल्हासनगरच्या एका तपासणी प्रयोगशाळेत आली. माझे जन्मस्थान ते.

माझी घडण फार सुखाची नव्हती. तो तुकडा एक दिवस फॉर्मॅलिनमध्ये बुडाला, जेणेकरून तो कुजू नये. मग मद्यार्काने त्यातले पाणी ओढून घेतले, आणि पाण्याच्या जागी वितळलेले मेण शिरले. ते काम करणारे तंत्रज्ञ राजेंद्र पालेगावात राहत. ठोकळा यंत्रावर चढवून केसाच्या विसाव्या हिश्श्याएवढे पातळ काप काढण्यात त्यांचा हात कोणी धरीत नसे. पात्यावर साचलेला मेणाचा भुसा ते तोंडाने फुंकून उडवीत आणि काप कोमट पाण्यावर सोडून, सुरकुत्या गेल्या की काचेवर उचलीत.

ती काच डॉक्टर हिंगोरानी यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली गेली. बाई उल्हासनगरातच वाढलेल्या. मराठी, हिंदी आणि सिंधी त्या एकाच ताटात वाढत. त्यांनी आधी कागद वाचला, मग काच पाहिली, आणि मग कागद पालथा घालून ठेवला.

"राजेंद्र, बिब्बा वरून खाली उतरतो. हे खालून वर चढतंय," त्या म्हणाल्या. "कागज को भूल जाओ, पेशी देखो."

त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा तो कर्करोग होता. त्याला मेलानोमा म्हणतात. आपल्या लोकांत तो उन्हाने भाजणाऱ्या पाठीवर क्वचित, आणि कोणी पाहत नाही अशा तळव्यावर, नखाखाली अधिक आढळतो. त्या आठवड्यात माझी पुष्कळ वाहवा झाली. आसपासच्या डॉक्टरांना माझी काच दाखवण्यात आली. मला त्याचा आनंद वाटला, असे म्हणणे मात्र खोटे ठरेल. ज्या गोष्टीमुळे माझे कौतुक होत होते, तिच्यामुळे एक बाई घरी जेवत नव्हती.

विठाबाईला मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात नेले, आणि तिथल्या डॉक्टरांनी पुन्हा तपासावे म्हणून प्रघाताप्रमाणे मला श्रद्धाच्या हाती दिले. तिथे टाचेचा आणखी रुंद भाग कापला. त्या कापलेल्या भागात रोगाचा अंशही सापडला नाही. मित्रांनो, हे नीट ध्यानात घ्या, कारण पुढचे सारे यावर उभे आहे: विठाबाईच्या टाचेत जे काही होते, ते सगळे पहिल्या तुकड्यातच निघून आले होते. जगात त्याची दुसरी प्रत नव्हती. ते केवळ माझ्यात होते.

ठोकळा थंड जागी जपून ठेवा, असे तिथल्या कोणीतरी सांगितले. प्रयोगशाळेत परत करा, असे सांगायचे राहिले. बदलापूरचा वैशाख ज्यांनी सोसला आहे, त्यांना मेणाची भीती सांगायला नको. श्रद्धाने विचार केला आणि मला तीन पिशव्यांत गाठी मारून पाण्याच्या माठाखालच्या ओल्या वाळूत पुरले. सुशिक्षित माणसे या युक्तीला हसतील. मी हसणार नाही. पत्र्याच्या त्या घरात दोन उन्हाळे माझी कड मऊ झाली नाही. कोणी पाहुणा पाणी पिऊन निघाला, की विठाबाई मागून म्हणे, "माझ्या टाचेवरचा पानी पिऊन गेला." तिची जखम भरायला पाच महिने लागले होते. ती लंगडत चाले, आणि बिब्बा घालायचे तिने सोडले होते.

तिसऱ्या वर्षी माझ्या शोधात उन्नती आली. ती बदलापूरचीच मुलगी, मुंबईच्या एका संशोधन संस्थेत काम करणारी. तळव्यावरच्या मेलानोमाचे जुने ठोकळे तिला हवे होते. हिंगोरानी बाईंच्या नोंदवहीत तिला माझा क्रमांक मिळाला, फळीवर मी मिळालो नाही, आणि ती संमतीचा कागद घेऊन थेट चामटोलीला पोचली. या टाचेत तुला काय शोधायचे आहे, हे विठाबाईने तिला विचारले, आणि सही त्या उत्तरावर अवलंबून ठेवली.

इथे मला थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. प्रत्येक पेशीत डीएनए नावाची मूळ पोथी असते. तिच्यातला हवा तो मजकूर उतरवून नेणाऱ्या प्रतीला आरएनए म्हणतात, आणि त्या प्रतीवरून पेशी प्रथिने घडवते. परंतु पेशीतल्या पुष्कळ आरएनएंवरून कोणतेही प्रथिन घडत नाही. त्यांना नॉन-कोडिंग आरएनए असे नाव आहे. ज्या मजकुरातून ते निघतात, त्याला काही विद्वानांनी एके काळी कचरा म्हटले. ज्याच्या हातून वस्तू घडताना दिसत नाही, तो निरुपयोगी, असा हा न्याय. मला तो कधीच मान्य झाला नाही, आणि उन्नतीने विठाबाईला जे सांगितले, त्याहून चांगले खंडन मला अद्याप सुचलेले नाही.

"आजी, आवणीला रोप लावणाऱ्या दहा जणी असतात," ती म्हणाली. "आणि एक जण बांधावर उभी राहून सांगते, पुरे, आता इथे नको. ती एकही रोप लावत नाही. मग तिला घरी पाठवायची का?"

"ती मीच हाय," विठाबाई म्हणाली. "मी नसले तं या बाया बांधावर पन रोप लावतील."

"तेच. टाचेत तेच झालं."

पेशीतले काही चिमुकले आरएनए, ज्यांना मायक्रो आरएनए म्हणतात, नेमके हे काम करतात. वाढीचा निरोप घेऊन निघालेल्या प्रतीला ते अडवतात. त्वचेच्या कर्करोगात असे अडवणारे काही कमी होतात, तर वाढीला हात देणारे काही भलतेच माजतात. त्याच कुळातले लांबलचक आरएनएही या उलाढालीत सामील असतात. कोण कमी झाला आणि कोण वाढला, याचा मेळ लागला, तर साधा तीळ कोणता आणि घातक डाग कोणता, रोग परतेल की नाही, हे पुढेमागे लवकर सांगता येईल, अशी आशा आहे. आशा हा शब्द मी मोजून वापरतो. मात्र एक गोष्ट माझ्यासारख्या म्हाताऱ्याला सुखावते. माझ्यासारख्या जुन्या ठोकळ्यात मोठमोठ्या आरएनएंचे तुकडे तुकडे होऊन जातात. हे चिमुकले मात्र मेणात वर्षानुवर्षे बरेचसे शाबूत राहतात.

विठाबाईने अंगठा न देता सही केली, आणि मी माठाखालून पुन्हा उल्हासनगरला आलो. उन्नतीसाठी काप काढण्यात आले. माझ्या रोगट पेशींत एक अडवणारा जवळजवळ नाहीसा झालेला आढळला. ती हरखली नाही. एका ठोकळ्यावरून नियम निघत नाही, असे तिने स्वतःच वहीत लिहिले आणि ती दुसरे ठोकळे शोधायला निघून गेली.

त्यानंतर मी बुटांच्या एका रिकाम्या खोक्यात पडून होतो. खोके वरच्या फळीवर, फळी पत्र्याखाली. खालच्या मजल्यावर जीन्स शिवण्याचे कारखाने दिवसभर खडखडत. झुरळांनी माझा एक कोपरा कुरतडला. कधीतरी कोणी खोके उतरवून दुसराच ठोकळा शोधी आणि मला उलटे ठेवून जाई. मी तक्रार केली नाही. परंतु एक हिशेब मला आतून पोखरत होता. कधी फेरतपासणीला, कधी शिकवायला मला यंत्रावर चढवले, की पात्याशी माझी पातळी पुन्हा जुळवावी लागे. ती जुळेपर्यंत जे तासले जाई, ते भुसा म्हणून केराच्या डब्यात जाई. दोन काप हवे असत, आणि त्यासाठी दहा कापांएवढी टाच फुंकरीने उडे. मी झिजलो तो कामाने कमी, आणि काम सुरू करण्याने जास्त.

यंदा दिवाळीनंतर विठाबाईच्या जांघेत बोराएवढी गाठ आली.

सुई घालून पाहिले, तेव्हा तोच रोग असल्याचे कळले. मुंबईच्या डॉक्टरांनी श्रद्धाला समजावून सांगितले, की जनुकात एक ठरावीक बदल असेल, तर गोळ्या देता येतील. पण त्या तपासणीला सुईतून आलेल्या पेशी पुरत नाहीत. गाठ कापून तुकडा काढावा लागेल, किंवा जुन्या ठोकळ्यात पुरेशी टाच उरलेली असावी लागेल. विठाबाईला आता मधुमेह जडला होता. पहिल्या जखमेचे पाच महिने ती विसरली नव्हती. "आता मना कापू नका," एवढेच ती बोलली, आणि भिंतीकडे तोंड करून निजली. म्हणजे राहिलो मी.

श्रद्धा सुट्टी टाकून प्रयोगशाळेत आली. राजेंद्रनी मला शोधून खिडकीकडे धरले. माझ्यातून उजेड आरपार गेला.

"जास्त नाही उरलं, ताई," ते म्हणाले. "दहा काप मागितलेत. पातळी जुळवण्यातच अर्धं गेलं, तर नाही निघणार."

योगायोग असा, की त्याच आठवड्यात उन्नतीचेही पत्र आले होते. तिच्या अभ्यासाचा दुसरा टप्पा सुरू झाला होता. तळव्याचे ठोकळे मुळात थोडे, आणि त्यांत ज्याचा रोग परतला असा मी एकच. तिला माझे पुन्हा काप हवे होते. ती स्वतः आली, तेव्हा राजेंद्र दारातच उभे राहिले.

"मॅडम, पेशंट पहिला. तुमचं पत्र आधी आलं असेल, पण टाच तिची आहे."

उन्नतीने वाद घातला नाही. पत्र मागून घेतले, त्यावर मागणी मागे घेतल्याचे लिहून सही केली, आणि ती बाकावर श्रद्धाशेजारी बसली. मित्रांनो, विद्वानांशी माझे नेहमी पटत नाही. त्या सहीबद्दल मात्र मी तिला मनोमन हात जोडले. मग काही वेळाने ती उठली आणि तिने एक विचित्र प्रश्न विचारला. पातळी जुळवताना जो भुसा निघतो, तो कुठे जातो?

"कचऱ्यात. और कहाँ?"

"तो मला द्या."

राजेंद्रना ती चेष्टा वाटली. पण तिचे म्हणणे अगदी सरळ होते. जनुकाच्या तपासणीला काचेवर बसलेला अखंड काप लागतो. कारण रोगट पेशी नेमक्या कुठे आहेत, ते डॉक्टरांना पाहून आखावे लागते. तिला आकाराशी कर्तव्य नव्हते. ती मेण विरघळवणार, टाच दळणार, आणि त्यातून ते चिमुकले आरएनए वेचणार. शेजारच्या निरोगी पेशी त्यात मिसळतील, उत्तर थोडे गढूळ होईल, हे तिला ठाऊक होते, आणि तसे ती नोंदवणार होती. गढूळ पाणी शून्य पाण्याहून बरे. इतकी वर्षे केरात गेलेल्या भुशात ती टाच होतीच. कोणी ती मागितली नव्हती, इतकेच.

"आणि दादा, एकाच बैठकीत सगळं काढा," ती म्हणाली. "परत चढवायला लागलं, तर संपलं."

"एकवीस वर्षं कापतोय," राजेंद्र म्हणाले. तरी त्यांनी नवे पाते लावले, मला बर्फावर ठेवले, आणि माझी पातळी जुळवण्यात एक तास घालवला. एरवी ते काम ते पाच मिनिटांत करीत. पहिला भुसा पात्यावर साचला आणि सवयीने त्यांनी गाल फुगवले.

"फुंकू नका. थुंकीत आरएनए फाडणारे पदार्थ असतात."

"एवढे पेशंट फुंकले, एकही उडून गेला नाही."

"माझा उडेल."

ते हसले, आणि त्यांनी तोंडाला फडके बांधले. उन्नती स्वच्छ चिमट्याने भुसा उचलून एका नळीत टाकू लागली. मग अखंड काप सुरू झाले. राजेंद्र मोठ्याने मोजत होते, आणि दाराबाहेर श्रद्धा त्यांच्यामागून ओठ हलवत होती. एक, दोन, तीन. सहाव्या कापाला माझ्या मध्यभागी सुईच्या अग्राएवढे भोक पडले. राजेंद्र थांबले. त्यांनी कपाळ पुसले, मला पुन्हा बर्फावर टेकवले, पण यंत्रावरून सोडवले नाही. सात. आठ. भोक मोहरीएवढे झाले. नऊ. दहाव्या कापाची नुसती चंद्रकोर निघाली. अकराव्यात मेणावाचून काही नव्हते.

हिंगोरानी बाईंनी एक काच रंगवून पाहिली. सगळे उभे होते. "रोगट पेशी आहेत. पुरतील," त्या म्हणाल्या, आणि पुष्कळ वेळ सूक्ष्मदर्शकावरून डोळे उचलले नाहीत.

तीन आठवड्यांनी उत्तर आले. तो बदल होता. गोळ्या सुरू झाल्या. विठाबाईच्या तोंडाची चव गेली आहे, पायांना सूज येते; पण जांघेतली गाठ आता वाटाण्याएवढी आहे, आणि तिला कोणी कापलेले नाही. हे किती दिवस टिकेल, ते डॉक्टर सांगत नाहीत, आणि न सांगण्यात ते प्रामाणिक आहेत. उन्नतीची नळी तिच्या संस्थेच्या अतिथंड कपाटात ठेवली आहे. तिच्यातून काय निघेल, ते मला कळेल असे वाटत नाही. विठाबाईला त्याचा लाभ बहुधा होणार नाही. झाला तर तो पुढच्या कोणाच्या तरी तळव्याला होईल.

माझ्या डबीवर आता एक मेणाची चौकट तेवढी उरली आहे. रिकामे ठोकळेही काही वर्षे ठेवायचे असतात, म्हणून राजेंद्रनी मला खोक्यात परत ठेवले. या खेपेस सुलटे. टाच संपली, असे श्रद्धाने घरी जाऊन सांगितले, तेव्हा विठाबाई काय म्हणाली, ते तिने इथे येऊन ऐकवले.

"संपली का? बरा झाला. माझ्या पायात असताना एवढी राबली नवती."

तेव्हा, मित्रांनो, मी थकलो आहे आणि माझे मागणे थोडे आहे. पाय धुताना तळवा उलटा करून पाहत जा. आपला नाही दिसला, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा पाहा, आणि न जाणाऱ्या काळ्या डागाला आपल्या सोयीचे कारण चिकटवू नका. ज्याचे काम दिसत नाही, त्याला कचरा म्हणण्याची घाई करू नका. आणि हाती असलेली थोडकी वस्तू जपून वापरा. जपले, तरी ती कधीतरी संपणारच. पण जपलेली वस्तू कोणाच्या तरी कामी येऊन संपते, आणि न जपलेली नुसती फुंकरीने उडून जाते. माझ्यातली निम्मी टाच अशीच उडाली. उरलेल्या निम्मीने एका बाईचे कापणे वाचवले. एवढ्यावर मी समाधानी आहे, आणि आता मला कोणी खोक्यातून उतरवू नये.